रंगामास्तरांची नजर

दुपारचे अडीच वाजलेत. जेवणं झालीत, खरकटी भांडी मोरीत तशीच आहेत. कुंदा पलंगावर आडवी होते ती झोपायला नव्हे, नुसती पाठ टेकायला. समोरच्या खाटेवर सासूबाई बसल्या आहेत. मांडीवर हात, उजव्या हाताला थरथर, डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरावर. तारीख बघतात, की वरचा देव बघतात, की काहीच बघत नाहीत, कुणी सांगावं. वर पंखा फिरतो आहे. त्याचा आवाज आधी जवळ असतो, मग लांब जातो, आणि परत येतो तो पायमशीनचा होऊन येतो. खडखड खडखड, जरा दम, पुन्हा खडखड.

पंखा मशीनसारखा वाजायला लागला तरी कुंदाला नवल वाटत नाही. नवल वाटायचं थांबलं, की समजावं माणूस झोपेच्या उंबऱ्याच्या पलीकडं गेलं.

पलीकडं दुकान आहे. बार्शीच्या तांबट गल्लीतलं, आठ बाय दहाचं, 'माळवदे लेडीज टेलर'. मशीनवर अप्पा बसलेत. कुंदाकडं पाठ, तोंड भिंतीकडं. भिंत इतकी जवळ की सुईखालून सरकणारं कापड भिंतीत जातं आहे आणि परत बाहेर येत नाही.

अप्पा जाऊन आठ महिने झाले. तेराव्याच्या पंगतीला कुंदानंच वाढलं होतं. हे तिला आत्ताही पक्कं ठाऊक आहे. तरी तोंडातून निघतं ते नेहमीचंच.

"अप्पा, चहा टाकू?"

"भिंतीला इचार," अप्पा म्हणतात. "माझं तोंड तिकडंच केलंय न्हवं तू."

जिवंत होता तोवर या माणसानं असं वाकडं वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. रंगनाथ माळवदे, उर्फ रंगामास्तर. गिऱ्हाइकानं कापड चोरल्याचा आळ घेतला तरी 'बघतो ताई, कात्रणात आसंल' म्हणणारा माणूस. चाळीस वर्षं त्यानं बायकांची मापं घेतली. ताई, वहिनी आणि मावशी या तीन शब्दांपलीकडं चौथं संबोधन दुकानात ऐकू आलं नाही. नजर टेपवर. मास्तरांना गिऱ्हाइकाचा चेहरा विचारला तर आठवायचा नाही. डावा खांदा अर्ध्या इंचानं उतरता कुणाचा ते विचारा, घरनंबरासकट सांगतील.

मापाची त्यांची एक रीत होती. टेप लावायचा, आकडा मोठ्यानं बोलायचा आणि वहीत लिहायला दुसरं माणूस बसवायचं. एकाच माणसानं माप घेणं आणि लिहिणं त्यांना पसंत नव्हतं. नजर उचलली की टेप ढळतो, म्हणायचे. शाळा सुटली की वहीवर कुंदा बसायची. 'खांदा साडेतेरा, बाही नऊ.' तिचं लग्न झालं, ती दोन गल्ल्या पलीकडं नांदायला गेली, मग वहीवर आई बसली. आई गेली तेव्हा मास्तर अडुसष्टचे होते. वही त्यांच्याच हातात आली. तुला जमंल का गं संध्याकाळचं तासभर, असं त्यांनी कुंदाला एकदा विचारलं होतं. कुंदाला दोन पोरं, सासू आणि गॅसवरचं दूध होतं. तिला जमलं नाही.

त्यानंतर वर्षभरात मास्तरांचा हात थरथरायला लागला. ते सगळ्यांना दिसलं. डोळ्यांचं काय झालं ते कुणाला दिसलं नाही, कारण डोळ्यांत कोण बघतं? सुई ओवायला घेतली की दोन सुया दिसायच्या. मास्तर हसून सांगायचे, खोट्या सुईत दोरा अगदी पैल्या झटक्याला जातो बघ. गल्लीतल्या डॉक्टरनं चष्म्याचा नंबर बदलायला लावला, तीन वेळा. वर थेंब दिले. पापणी लवायची कमी झाली, चेहरा लाकडाचा झाला, आवाज घशातल्या घशात बसला. वय झालं, असं म्हणून सगळे मोकळे. 'वय झालं' हे या देशातलं सगळ्यात स्वस्त औषध आहे. ते लिहून द्यायला डिग्री लागत नाही आणि चुकलं म्हणून कुणी कॉलर धरत नाही.

मग विजूताई ढगे आपल्या नव्या सुनेला घेऊन आल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षा. बाई वाईट नाहीत, आणि चीड येते ती त्याचीच. गल्लीतला दारूचा गुत्ता त्यांनी बंद पाडला होता. शिकवणीच्या मास्तरनं एका पोरीच्या पाठीवर हात फिरवला तेव्हा त्याला भर चौकात उभा केला होता. अशी बाई चुकते तेव्हा तिला अडवायला कुणी पुढं होत नाही. सुनेचं माप घेताना मास्तर थबकले, रोखून बघत राहिले, पोरगी कानकोंडी झाली, विजूताईंनी पाहिलं. तुमची नजर कुठंय मास्तर, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज बाहेर येईपर्यंत त्या सुनेला घेऊन रस्त्यावर पोचल्या होत्या.

आठ दिवसांत नाव पडलं. टकमक्या मास्तर. मंडळाची बैठक झाली आणि निरोप आला, लेखी माफी द्या, नाहीतर आम्ही चौकीवर जातो. कुंदा धावत आली. पोरीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं तिच्या. शाळेत असताना जशी वहीवर बसायची तशी बसली आणि तिनंच माफीनामा लिहिला. 'माझ्या नजरेमुळे ज्या भगिनींना त्रास झाला त्यांची मी क्षमा मागतो. पुन्हा असे बघणार नाही.' मास्तरांनी मुकाट सही केली. कुंदानं स्टँडवरून काळा गॉगल आणून त्यांच्या नाकावर चढवला, मशीन फिरवून भिंतीकडं तोंड केलं आणि पाटीवरचं 'लेडीज' खरवडून काढलं. दीड वर्ष ते भिंतीकडं तोंड करून पिशव्यांना काठ मारत होते. मग गेले.

आता काल काय झालं ते ऐका, म्हणजे आजच्या दुपारची गाठ कळेल.

काल कुंदा सासूबाईंना सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेली होती. सासूबाईंचाही हात थरथरतो. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं हात बघितलाच नाही आधी. दोन बोटं उभी केली, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि म्हणाली, आजी, मान हलवायची नाही, मी सांगेन त्या बोटाकडं फक्त डोळे न्या. सासूबाईंचे डोळे निघाले आणि वाटेतच थांबले. पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. म्हातारं माणूस जिना चढतं तसे तीन पायऱ्यांत बोटापाशी पोचले. मग डॉक्टरनं घड्याळ लावून पापण्या मोजल्या. मिनिटाला चार. आपल्या पंधरावीस तरी होतात, म्हणाली. पार्किन्सन आहे. डोळे चांगले आहेत, पण डोक्यातून हुकूम उशिरा येतो, अर्धवट येतो. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र येत नाहीत, मग एकाचे दोन दिसतात. पापणी लवत नाही, चेहरा हलत नाही. आणि फळीवरची फाईल काढता काढता, जाता जाता म्हणावं तसं म्हणाली, लोकांना वाटतं माणूस रोखून बघतंय.

कुंदाला अप्पांच्या नाकावरचा काळा गॉगल आठवला.

सासूबाईंच्या त्या बघण्याला गल्ली काय म्हणते ठाऊक आहे? ध्यान. आजींचं ध्यान लागतं, म्हणतात. शेजारच्या बायका पाया पडून जातात. तोच रोग, तेच डोळे. बाईचे थांबले की समाधी, पुरुषाचे थांबले की लफडं. आणि ज्यांचे डोळे टकाटक चालतात, टायरच्या दुकानासमोर बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरीला पायापासून केसापर्यंत दोन सेकंदांत मोजून खाली बघायला ज्यांना जमतं, त्यांच्याकडून कुणी कधी माफीनामा लिहून घेतला नाही. त्यांची नजर चपळ आहे ना. पकडली जात नाही.

घरी आल्या आल्या कुंदानं विजूताईंना फोन लावला. सगळं सांगितलं. तो कागद परत द्या, म्हणाली. विजूताईंनी ऐकून घेतलं आणि मग सावकाश सांगितलं, झालं गेलं, आता माणूसच नाही तर उकरून काय करायचं. उद्या गुरुवार, चारला बालवाडीत मंडळ भरतंय, यायचं तर या. पण एक लक्षात ठेवा कुंदाताई, माफी तुमच्याच अक्षरात आहे.

त्या वाक्यानं रात्रभर कुंदाला कूस बदलत ठेवलं, आणि आज चारला जावं की जाऊ नये, या एका प्रश्नावर ती आडवी झाली आहे.

"चहा नको," अप्पा म्हणतात. मशीन थांबतं. ते स्टुलावरच्या स्टुलावर वळतात. तोंडावर तो काळा गॉगल आहे. स्वप्नात त्याची काच दुकानभर पसरल्यासारखी वाटते. सगळं दुकान तपकिरी. "काल सोलापूरला गेलतीस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाकड्यावर बसलो हुतो की. नंबर लागला न्हाई माझा."

आणि ते बाकड्यावरच आहेत. दवाखान्याचा तो लांबलचक व्हरांडा. दोन्ही बाजूंना बाकडी, बाकड्यांवर तांबट गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका, प्रत्येकीच्या मांडीवर ब्लाऊजपीस. कालची डॉक्टर मधून चालत येते आहे, गळ्यात नळी नाही, अप्पांचा टेप आहे. ती बोट उभं करते आणि डावीकडून उजवीकडं नेते. सगळ्या बायकांचे डोळे बोटाबरोबर झपकन जातात, झपकन येतात. कवायत. फक्त अप्पांचे डोळे मधल्या पायरीवर राहतात. डॉक्टर टेप काढते, त्यांच्या कपाळाभोवती लावते आणि आकडा मोठ्यानं बोलते. कुणीतरी लिहून घ्यायला हवं आहे. कुंदा वही शोधते. वही आहे, पण तिच्या पानांवर आधीच लिहिलेलं आहे, सगळ्या पानांवर एकच ओळ. पुन्हा असे बघणार नाही. पुन्हा असे बघणार नाही. तिचंच अक्षर.

"वाक्य झ्याक लिव्हलं हुतंस," शेजारून अप्पा म्हणतात. "पुन्हा असं बघणार न्हाई. मला दुसरं बघताच येत नव्हतं, कुंदे. सही करताना मनात आलं, हे काय आपल्याच्यानं पाळवायचं न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो. दोनदा. आवाज गेला न्हाई तुझ्यापातुर. तू शाई वाळवत हुतीस."

कुंदाला रडू येतं, आणि ती तेच म्हणते जे असल्या वेळी माणसं म्हणतात. चुकलं माझं अप्पा, माफ करा मला.

अप्पांचा चेहरा हलत नाही. तो आता हलणारच नाही. पण त्या न हलणाऱ्या चेहऱ्याच्या मागून असा राग येतो की व्हरांड्यातले दिवे बारीक होतात.

"पुन्हा माफी," ते म्हणतात. "तुला दुसरं काय येतं का न्हाई गं? एकदा माझ्या नावानं मागितलीस, आता तुझ्या नावानं. मी इथं माफ करायला बसलेलो न्हाई. गॉगल काढ."

ती हात पुढं करते. गॉगलची काडी कानामागं टीप मारून शिवलेली आहे. ती एक-एक टाका तोडते. खाली अप्पांचे डोळे तसेच आहेत. मोठे, कोरडे, लाल कडांचे. तिला आठवतं, शेवटच्या महिन्यांत तिनं या डोळ्यांकडं बघितलंच नव्हतं. तिलाही ओशाळल्यासारखं व्हायचं.

"त्या दिवशी काय झालं ते सांगतो. आता तरी लिव्हून घे."

आणि ते सांगतात. मोठ्यानं नाही, पण एकेक आकडा सांगावा तसं. सुनेच्या छातीला टेप लावला, आकडा आला तेहतीस. पूर्वी असतं तर तो बोलून दाखवला असता आणि तिकडं लिहिला गेला असता. आता तोच आकडा वहीत घालायला त्यांनाच जायचं होतं. डोळे टेपवरून वहीकडं निघाले, निघता निघता वेळ गेला. लिहिलं. वहीवरून परत टेपकडं निघाले. तोवर पोरगी कंटाळून फिरली. टेप गळून पडला होता. डोळे मात्र जिथं टेप होता तिथंच येऊन थांबले, आणि थांबले ते निघेचनात.

"मापच बघत हुतो मी. पोरगी हलली, माप हललं न्हाई. डोळं मापापाशी ऱ्हायलं."

कुंदा लिहीत नाही. तिचा हात वहीवर आहे आणि वही ओली आहे.

"आता मी इचारतो," अप्पा म्हणतात. "माफीनामा लिव्हायच्या आधी तू मला इचारलंस का, अप्पा, तुम्ही बघत हुतात का म्हणून?"

"नाही."

"का?"

इथं खोटं बोलायची सोय नाही. जागेपणी असती. जागेपणी तिनं पोरीच्या सोयरिकीचं सांगितलं असतं, मंडळाचं, चौकीचं सांगितलं असतं. इथं तोंड उघडलं की आत जे असेल तेच बाहेर येतं.

"तुम्ही हो म्हणाला असता तर?"

बायका ब्लाऊजपीसांच्या घड्या घालतात, उठतात आणि भिंतीकडं तोंड करून बसतात. एकेक करून, सगळ्या.

"म्हंजी तुलाबी वाटलं," अप्पा म्हणतात.

"हो."

"लगीन हुईस्तोवर माझ्या वहीवर बसून."

"हो, अप्पा."

कुंदाला वाटतं आता हे उठून जातील आणि परत येणार नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकणार नाही. पण ते म्हणतात, "खरं बोललीस. आता काम हुईल."

ते बालवाडीत उभे आहेत. भिंतींवर अ अननसाचा, आ आईचा. बुटक्या बुटक्या लाल खुर्च्यांवर मंडळाच्या बायका बसल्यात, गुडघे हनुवटीला लागलेले, सगळ्यांच्या पाठी इकडं. मधल्या टेबलावर फाईल उघडी आहे आणि फाईलमध्ये तो कागद. कुंदा उचलायला जाते. उचलत नाही. कागद टेबलाला शिवलेला आहे. चारी कडांनी बारीक, जवळजवळ टाके, मधे केसाइतकी जागा नाही.

ती नखं घालून बघते. मग विजूताईंच्या पाठीला सांगू लागते. पार्किन्सन म्हणते, डॉक्टरनं मोजलं म्हणते, मिनिटाला चार म्हणते. डॉक्टरचा कागद आणून दाखवते म्हणते. पाठ हलत नाही. पाठीतून फोनवरचंच वाक्य येतं, माफी तुमच्याच अक्षरात आहे.

"खरं हाय तिचं," अप्पा म्हणतात. "टीप तुझ्या हातची हाय. ज्यानं शिवलं त्यानंच उसवायचं, ही आपल्या धंद्याची रीत हाय. दुसऱ्यानं कात्री लावली की कापड फाटतं."

"मी काय सांगू त्यांना? रोगाचं सांगितलं तर म्हणतील आता सुचलं."

"रोगाचं मागनं सांग. आदी तुझं सांग."

"माझं काय?"

"जे आत्ता मला सांगितलंस ते. की माझ्या बापाला मी इचारलं न्हाई. तुम्ही एकदा बघून ठरवलंत, मी न बघता ठरवलं. कागूद खोटा हाय, कारण लिव्हणारणीनं आरोपीला एक सवाल केला न्हाई. हे चारचौघींत बोल. बोलवंल?"

चारचौघींत. ज्या गल्लीत तिला रोज भाजी घ्यायची आहे, जिथं तिच्या लेकीचं माहेर आहे. आपल्याच तोंडानं, की मी माझ्या बापावर संशय घेतला. ती म्हणते, "अप्पा, तुम्ही तर गेलात. आता त्याचं तुम्हाला काय?"

"मी गेलो. टकमक्या मास्तर गेलाय का?"

हा प्रश्न ते ओरडून विचारत नाहीत. त्यांचा आवाज अजून घशातच आहे. पण बालवाडीच्या भिंतीवरचा अननस गळून खाली पडतो आणि बायकांच्या पाठी पहिल्यांदा थरारतात.

"नात्वाला परवा शाळंत कुणी तरी म्हणालं, तुझा आजा त्योच का," ते सांगतात. "तू ऐकलंस. ऐकून पोराला म्हणालीस, दुसऱ्या रस्त्यानं जात जा. आणखी एक भिंत. किती भिंती बांधशील गं? गवंडी हाईस का शिंप्याची लेक?"

मग ते तिच्यासमोर त्या बुटक्या खुर्चीवर बसतात. मोठा माणूस, बाळाची खुर्ची. तेही हास्यास्पद वाटत नाही.

"माझ्याकडं बघ. पापणी हलवायची न्हाई. मी सांगंस्तोवर."

"कशाला?"

"मला काय दिसत हुतं ते तुला दिसू दे. डॉक्टरीणबाईनं भायेरनं सांगितलंय. आतनं कोण सांगणार?"

ती बघते. आधी काही नाही. अप्पांचा चेहरा, दाढीचे पांढरे खुंट, नाकावर गॉगलचा वळ. मग जळायला लागतं. वाऱ्याची एक झुळूक येते ती डोळ्यांवर मिरपुडीसारखी बसते. तिला पापणी मिटायची आहे, पापणी तिचं ऐकत नाही. अप्पांचे दोन अप्पा होतात. कुठले खरे, तिला सांगता येत नाही. ती डावीकडच्याला हात लावायला जाते, हात हवेतून जातो. लांबून कुणी तरी हसतं, टायरच्या दुकानासमोरचं हसू. तिला तिकडं बघायचं आहे, त्या हसणाऱ्याला नजरेनं जाळायचं आहे, पण डोळे निघतच नाहीत. हुकूम निघालेला आहे, वाटेत कुठं तरी बसून राहिला आहे. बायका वळून तिच्याकडं बघतात आणि पदर सावरतात. तिच्याकडं बघून. तिला ओरडून सांगायचं आहे, मी तुमच्याकडं बघत नाही गं, मी अडकलेय. आवाज घशात.

हे त्या माणसानं चार वर्षं सोसलं. आणि त्यावर उपाय म्हणून पोटच्या पोरीनं त्याला काळी काच दिली.

"कळलं?" अप्पा विचारतात.

कळलं, असं तिला म्हणायचं आहे.

अप्पा उठतात. गुडघ्यावर हात टेकून, तसेच अडखळत, जसे दुकानातून उठायचे. दाराकडं निघतात. तिला त्यांना जाताना बघायचं आहे. एकदाच, शेवटचं, पाठमोरं का होईना. ती डोळ्यांना सांगते, चला. डोळे जात नाहीत. अप्पा जिथं बसले होते त्या रिकाम्या लाल खुर्चीवर ते थांबले आहेत, आणि अप्पांची पावलं दाराबाहेर, पायरीवर, गल्लीत, लांब लांब. माणूस हललं, डोळे तिथंच राहिले. आता तिला ते बाहेरून कुणी सांगायला नको.

पावलांचा आवाज पंख्याचा होतो.

कुंदा पलंगावर आहे. समोर भिंत, कॅलेंडर, खाट, आणि खाटेवरून सासूबाई तिच्याकडं बघत आहेत. न हलता. कुंदाच्या डोळ्यांत कुणी वाळू भरून वर बोळा दाबल्यासारखी आग आहे. ती डोळे मिटायला जाते, पापण्या अर्ध्यावर अडकतात, बुबुळाला चिकटतात.

सासूबाईंचे ओठ हलायला वेळ लागतो. मग शब्द येतात, एकामागं एक, मधे जागा सोडून.

"डोळं उघडं ठिवून झोपलीस. घंटाभर बघतीया मी. एकदाबी मिटलं न्हाईत." थोडा दम. "वाटलं, तुलाबी लागली समाधी."

"समाधी नाही आत्याबाई," कुंदा म्हणते. "रोग आहे तो. तुम्हालाही रोगच आहे. उद्यापासून कुणाला पाया पडू देऊ नका."

सासूबाई विचार करतात. "बरं झालं," त्या म्हणतात. "पाय दुखत्यात."

कुंदा मोरीवर जाते. नळ सोडते, ओंजळ भरते, आणि तशीच थांबते. खरकट्या भांड्यांवरच्या आरशात तिचे डोळे दिसतात. पांढरं म्हणून काही उरलेलं नाही, दोन्ही लालभडक, कडांना मिठासारखी वाळलेली रेघ. ओंजळीतलं पाणी ती खाली सोडून देते. मंडळातल्या बायकांना हे डोळे असेच दिसू देत.

चारला दहा कमी आहेत. ती चपला घालते आणि डोळे न धुता बालवाडीच्या रस्त्याला लागते. टायरच्या दुकानासमोर बसलेली दोन पोरं तिच्याकडं बघतात, तीही पापणी न लववता बघते, आणि त्यांनाच खाली बघावं लागतं.